शब्द नसलेलं भजन : पियानोवरचा अल्बम आणि आपली मतं

(जुना जालना इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

सुरुवातीला आपण तीन तुकडे ऐकले आणि तुम्ही प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं मत लिहून दिलंत. नाव लिहू नका असं मी सांगितलं होतं, आणि बहुतेकांनी ते ऐकलं. एकाने नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर सगळंच लिहिलंय. ती चिठ्ठी मी वेगळी ठेवली आहे. (हशा)

काय ऐकलं ते आधी सांगतो, कारण तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं. पहिले दोन तुकडे पियानोवरच्या एका गॉस्पेल अल्बममधले होते. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. अमेरिकेतल्या चर्चमध्ये जी भक्तिगीतं म्हणतात त्यांच्या चाली, फक्त पियानोवर. गायक नाही, शब्द नाहीत. तिसरा तुकडा मी स्वतः इथे कीबोर्डवर वाजवला. मराठी चर्चमध्ये टाळ-तबल्यावर म्हणतात त्या धाटणीच्या एका भजनाची ती चाल होती. मी वादक नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चिठ्ठ्यांमध्येही तसं आलेलं आहे.

चिठ्ठ्या काय म्हणतात

आता या चिठ्ठ्या बघा. पहिल्या तुकड्याबद्दल बऱ्याच जणांनी 'शांत वाटलं', 'छान आहे', 'झोप येईल' असं लिहिलंय. एकाने लिहिलंय, 'हॉटेलात लावतात तसं.' एकाने लिहिलंय, 'हा तर भूप!' आणि एका चिठ्ठीवर दोनच शब्द आहेत : 'आई आठवली.' ही कोणाची चिठ्ठी ते मी विचारणार नाही.

दुसऱ्या तुकड्यावर मतं दोन टोकांची आहेत. कोणी म्हणतं, 'यात जान आहे, पाय आपोआप हलला.' कोणी म्हणतं, 'देवाचं गाणं असं नाचरं कसं?' तिसऱ्यावर जवळजवळ सगळे एकमताने म्हणतात की हे पेटीवर चांगलं वाटलं असतं.

एकच हॉल, एकच स्पीकर, तेच सूर. मग एकाला हॉटेल आठवतं आणि एकाला आई आठवते, हे कसं? यातलं कोणतं मत बरोबर? आज आपल्याला हेच समजून घ्यायचं आहे.

शब्द गेले की काय उरतं

भक्तिगीत आपण शब्दांमुळे ओळखतो. विठ्ठल, राम, येशू हे नाव आलं की ते भक्तिगीत. शब्द काढून टाकले, की जो शब्द जाणतो तो मनात ते म्हणत राहतो. वाद्य फक्त आठवण करून देतं. ज्याला शब्द माहीतच नाहीत, त्याच्यासमोर नुसते सूर येतात. म्हणजे पहिला माणूस भजन ऐकतो आणि दुसरा माणूस पियानो ऐकतो. दोघेही खरं बोलतात, पण दोघांनी ऐकलेली वस्तू वेगळी आहे.

याचं मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. प्रजासत्ताक दिनानंतर 29 जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीट होतं. तिथे सैन्याचं बँडपथक वर्षानुवर्षं 'अबाइड विथ मी' ही धून वाजवत असे. हे ख्रिस्ती प्रार्थनागीत. शब्द हेन्री लाइट यांचे, 1847 सालचे. चाल विल्यम मंक यांची, 1861 सालची. गांधीजींना ते आवडायचं. 2022 साली ती धून कार्यक्रमातून वगळली तेव्हा देशभर चर्चा झाली. गंमत बघा, हळहळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना त्या गीताचे शब्द माहीत नव्हते. त्यांच्यासाठी ती संध्याकाळ, मावळता सूर्य आणि वाजणाऱ्या घंटा यांची धून होती. आणि ज्यांना ती वगळणं योग्य वाटलं, त्यांनी तिच्यात परकेपणा ऐकला होता. सूर तेच, ऐकणाऱ्याची शिदोरी वेगळी.

'हा तर भूप'

ज्याने ही चिठ्ठी लिहिली त्याचा कान तयार आहे. पहिला तुकडा 'अमेझिंग ग्रेस' या गीताचा होता. शब्द लिहिणारे जॉन न्यूटन हे आधी गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजावर कप्तान होते, पुढे धर्मगुरू झाले. गीत छापलं गेलं 1779 साली. पण आज जी चाल आपण ऐकतो ती त्याला अमेरिकेत 1835 साली जोडली गेली. म्हणजे छपाईनंतर अर्धशतकाहून जास्त काळाने.

ती चाल पाच सुरांची आहे. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. मंद्र पंचमावरून उठते, षड्जावर येते आणि गंधाराला जाते. तीन-तीन मात्रांचा डोल, आपल्या दादऱ्याच्या जवळचा. सूर भूपाचेच आहेत. पण फक्त सूर जुळले म्हणून राग होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. देशकाराचेही हेच पाच सूर. राग म्हणजे सुरांचं चालणं, थांबणं, कोणावर किती रेंगाळायचं ते. तरीही हे पाच सूर आपल्या कानाला घरचे वाटतात. म्हणून पहिला तुकडा इथे कोणाला परका वाटला नाही. एकाही चिठ्ठीत 'हे विलायती आहे' असं लिहिलेलं नाही, बघा.

पियानोला काय जमत नाही

आता तिसरा तुकडा. तो पडला, हे मान्य. थोडा माझा दोष, थोडा वाद्याचा. पियानोत कळ दाबली की आत एक हातोडी तारेवर आपटते. सूर जन्मतो आणि लगेच विझायला लागतो. आवाज धरून ठेवता येत नाही, वाढवता तर येतच नाही. पेटीत भात्याची हवा आहे तोवर सूर टिकतो. दुसरं म्हणजे, पियानोत सप्तकाच्या बारा कळा. दोन कळांच्या मधे काहीच नाही. आपल्या भजनात गंधारावरून मध्यमावर जाताना गळा घसरत जातो, ती मींड. पियानोवर ती पायरी-पायरीने उतरल्यासारखी ऐकू येते.

तुम्ही म्हणाल, मींड पेटीलाही जमत नाही. बरोबर! आणि याच कारणासाठी ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली होती. पेटीचे सूर पाश्चात्त्य पद्धतीने बसवलेले, श्रुती नाहीत, मींड नाही, हे भारतीय वाद्यच नव्हे, असं जाणकारांचं मत होतं. रवींद्रनाथांनाही पेटी पसंत नव्हती. ती बंदी तीसेक वर्षं चालली; 1971 पासून ती शिथिल होऊ लागली. पण त्या तीस वर्षांत वारीतली, देवळातली, तमाशाच्या बोर्डावरची पेटी कोणी खाली ठेवली का? नाही. आणि नाट्यसंगीतात तर पायाने भाता मारायचा ऑर्गन, म्हणजे पायपेटी, बालगंधर्वांच्या शेजारी शोभून दिसली. हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर, थिरकवाँ तबल्यावर. तोच ऑर्गन चर्चमध्ये वाजतो तेव्हा आपण त्याला इंग्रजी म्हणतो, आणि नाटकात वाजला की अस्सल मराठी. म्हणजे वाद्य आपलं की परकं, हे वाद्य कुठून आलं यापेक्षा त्याच्यासोबत कोण किती वर्षं गायलं यावर ठरतं.

मतं बदलतात, पण वेळ लागतो

आता 'देवाचं गाणं असं नाचरं कसं' या चिठ्ठीकडे येऊ. ही तक्रार फार जुनी आणि फार प्रामाणिक आहे. ती हसण्यावारी नेऊ नका.

जालन्याशी ज्या चर्चचा जवळचा संबंध, त्याच चर्चची गोष्ट सांगतो. नारायण शेषाद्री हे नाव इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. ब्राह्मण घरात जन्मलेले, 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि 1860च्या दशकात जालन्यात येऊन त्यांनी काम उभं केलं. शहराजवळची बेथेल ही वस्ती त्यांनीच वसवली. ते ज्या मिशनचे होते, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं. आणि त्या काळात या चर्चमध्ये उपासनेत कुठलंच वाद्य चालत नसे! ऑर्गनला तिकडे लोक कुचेष्टेने 'शिट्ट्यांची पेटी' म्हणत. एकजण ओळ सांगायचा, बाकीचे ती उचलायचे. आपल्या भजनात बुवा ओळ सांगतात आणि टाळकरी उचलतात ना, अगदी तसंच.

अशा त्या स्कॉटलंडमध्ये 1873 साली अमेरिकेहून आयरा सँकी नावाचा गायक आला, लहानसा ऑर्गन घेऊन. लोकांनी नाकं मुरडली. दुसऱ्या वर्षी एडिनबराच्या सभेत त्याने वर्तमानपत्रातून कापून ठेवलेली एक कविता ऑर्गनसमोर ठेवली आणि जागच्या जागी चाल लावत म्हटली. शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू, त्याची ती कविता. हे गाणं पुढे जगभर गेलं. दहा वर्षांच्या आत फ्री चर्चने वाद्याला परवानगी दिली. म्हणजे एका पिढीला जे पाप वाटत होतं, ते त्याच लोकांनी नंतर स्वीकारलं.

आता आपल्या दुसऱ्या तुकड्याकडे. ती चाल थॉमस डॉर्सी यांची. जन्म 1899, मृत्यू 1993. कृष्णवर्णीय, शिकागोत राहणारे, आधी बारमध्ये आणि नाटकमंडळ्यांत ब्लूज वाजवणारे पियानोवादक. त्यांनी तोच डोल भक्तिगीतात आणला. चर्चवाले म्हणाले, हे दारूच्या गुत्त्यातलं संगीत, बाहेर ठेवा. कित्येक चर्चनी त्यांना दारातून परत पाठवलं. 1932 साली ते कार्यक्रमासाठी परगावी असताना पत्नी बाळंतपणात गेली. बाळही गेलं. काही दिवसांनी ते पियानोपाशी बसले आणि जुन्या एका चालीचा आधार घेऊन 'प्रेशस लॉर्ड' हे गीत झालं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते आवडतं. 4 एप्रिल 1968 रोजी, गोळी लागण्याच्या काही क्षण आधी, ते बाल्कनीत उभे होते आणि खाली उभ्या असलेल्या एका वादकाला सांगत होते की आज रात्रीच्या सभेत ही धून छान वाजव.

हे कळल्यावर त्या तुकड्याचा डोल तुम्हाला तसाच ऐकू येईल का? पुन्हा लावू का? लावतो.

(इथे दुसरा तुकडा पुन्हा ऐकवण्यात आला.)

आता या वेळी एक गोष्ट ऐकलीत का? उजवा हात मधेच दोन शेजारच्या कळांवर जवळजवळ एकदम पडतो. काळ्या कळेवरून बोट पांढऱ्या कळेवर घसरतं. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर, असं समजा. का करतात तसं? कारण त्यांच्या गाण्यातला खरा सूर त्या दोन कळांच्या मधे आहे, आणि तो पियानोत नाही! नाही तर नाही, त्याचा भास तरी निर्माण करू, असं या वादकांनी केलं. टेक्सासकडच्या ॲरिझोना ड्रेन्स नावाच्या अंध बाईंनी 1926 सालीच गॉस्पेल पियानोच्या रेकॉर्डी दिल्या होत्या. डावा हात ढोलकीसारखा, उजवा हात गाणाऱ्याच्या मागे बोलणारा. जे वाद्यात नव्हतं ते त्यांनी बोटातून काढलं, कारण गाणं त्यांच्या गळ्यात आधीपासून होतं.

म्हणून 'पियानोवर आपलं भजन शोभत नाही' हे मत मला अर्धंच पटतं. माझ्या हातात ते शोभलं नाही. पण आपल्या भजनात वाढलेल्या कोणी तितकी वर्षं पियानोवर घालवली, तर काय निघेल?

मग मत द्यायचं कसं

माझी साधी सूचना आहे. अल्बम ऐकलात की तीन गोष्टी वेगळ्या करा. पहिली, चाल. ती मला माहीत होती का, कुठल्या सुरांची, कुठल्या ठेक्याची? दुसरी, वादन. वादकाने काय केलं? चाल जशीच्या तशी वाजवली, की शब्दांसाठी जागा सोडली, की नुसती सजावट केली? तिसरी, माझी आठवण. मला जे वाटलं त्यातलं किती अल्बमचं आणि किती माझ्या घरातलं?

'आई आठवली' हे मत अल्बमबद्दल काहीच सांगत नाही, असं कोणी म्हणेल. मी म्हणतो, निदान एक गोष्ट सांगतं. वादकाने चाल इतकी मोकळी ठेवली की आठवणीला आत यायला जागा मिळाली. ज्याने प्रत्येक ओळीवर ताना घातल्या असत्या, त्याच्या अल्बमवर ही चिठ्ठी आली नसती. आणि 'हॉटेलात लावतात तसं' हीसुद्धा दाद आणि तक्रार एकत्र आहे. गोड आहे, पण मला थांबवत नाही. वादकाला हे कळलं पाहिजे. नुसतं 'छान' लिहिलं तर त्याला काहीच कळत नाही.

आपल्याकडचं काय

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने आजचा सगळ्यात महत्त्वाचा.

मराठी ख्रिस्ती गीतांना दोन वाटांनी चाली आल्या. एक वाट विलायती. शब्द मराठीत, चाल तिकडची. दुसरी वाट आपल्या मातीतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, पदं यांच्या घाटात गीतं लिहिली. मराठी चर्चच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांची कितीतरी गीतं आहेत. समर्थांचं जांब आपल्याच जिल्ह्यात. ज्या मुलुखात करुणाष्टकं घराघरात म्हटली जातात, तिथे येशूचं गाणंही अभंगात यावं, यात नवल काय?

आता बघा. विलायती चाली स्वरलिपीत छापलेल्या आहेत. जगात कुठलाही पियानोवादक त्या उद्या वाजवू शकतो. अल्बममध्ये त्याच येणार. देशी चाली बहुतांशी गळ्यातून गळ्यात आल्या. पुस्तकात शब्द आहेत, वर फार तर चालीचं नाव आहे. ती चाल जिला येते ती आजी गेली की पुस्तकात शब्द राहतात आणि गाणं जातं. पुढच्या पिढीला ख्रिस्ती संगीत म्हणजे पियानोवरचं तेवढंच, असं वाटेल. त्यात पियानोचा दोष नाही. आपण चाल ठेवून दिली नाही, हा दोष.

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. धर्म कोणताही असो. ओवी असो, पाळणा असो, चर्चचं भजन असो. घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवा. मोबाईलवर एक कडवं वाद्याशिवाय म्हणून घ्या, टाळी वाजवत, म्हणजे ठेका कळेल. आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्याच तोंडून घ्या : हे कोणाकडून शिकलात, कुठे म्हणायचे, कोणत्या प्रसंगी. दहा मिनिटांचं काम आहे. मग पियानोवाल्याला वाजवायला आपलंही काही असेल, आणि आपल्यालाही मत द्यायला काही असेल.



श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. अशा अल्बमबद्दल मत द्यायचा मला अधिकार आहे का?*

आहे, पूर्ण आहे. भीमसेनजींची संतवाणी ऐकणारे सगळे माळकरी थोडेच होते! फक्त दोन मतं वेगळी ठेवा. 'मला आवडलं नाही' हे तुम्ही केव्हाही म्हणू शकता. 'यात भक्ती नाही' हे म्हणण्याआधी, जे लोक ते गाणं म्हणत मोठे झाले त्यांच्यापैकी एकाला तरी विचारा. त्यांना ऐकवा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

*प्रश्न : कीबोर्डवर मींड काढता येते ना? मग पियानोच कशाला?*

येते. बऱ्याच कीबोर्डांना डावीकडे एक चाक असतं, ते फिरवलं की सूर वर-खाली सरकतो. आपले ऑर्केस्ट्रातले वादक त्याने सनई, सारंगी छान काढतात. म्हणून मी म्हणतो, तिसऱ्या तुकड्याचा दोष पहिल्यांदा माझा. माझ्या कीबोर्डलाही ते चाक होतं. मला ते वापरता आलं नाही. (हशा) इथे कोणाला येत असेल, तर कार्यक्रम संपल्यावर थांबा. चाल मी गुणगुणतो, वाजवा तुम्ही.